सातशेच्या पुढच्या चकत्या

ज्या घणानं सुताराचा उजवा हात फुटला, त्या घणाचा दांडा त्यानंच आठ दिवसांपूर्वी बसवून दिला होता. बसवला होता तोही असा पक्का की विचारू नका. जरा ढिला असता तर घण निसटून भलतीकडं गेला असता आणि हात वाचला असता. पण ढिलं काम सुताराला येतच नव्हतं, आणि चांगल्या कामाची शिक्षा आजवर कुणाला चुकली आहे?

झालं ते खाणीवर, भर सकाळी. खाण पुलासाठी उघडली होती. नदीवरचा जुना लाकडी पूल पुरात गेला, मग नावेनं ये-जा सुरू झाली, आणि एक दिवस नाव उलटून अकरा माणसं बुडाली. प्रेतं काढायला तीन दिवस लागले. शेवटचं निघालं तेव्हा तोंडावरून ओळखायची सोय राहिली नव्हती, पायातल्या चपलेवरून ओळखलं. तेव्हा कुठं गावच्या कारभाऱ्यांना जाग आली. पूल दगडाचा बांधायचा आणि पैसा सोडतीनं उभा करायचा, असं सभेत ठरलं.

या गावात जे उभं राहिलं ते सोडतीवरच. वरून कुणी दिली म्हणून एक वीट आली नाही. पहिली सोडत विहिरीसाठी झाली, आत्ताच्या म्हाताऱ्यांच्या लहानपणी. बक्षीस होतं दुभती गाय. जिंकणाऱ्यानं ती घरी नेली आणि आठव्या दिवशी तिच्या मागच्या पायांच्या शिरा कुणीतरी विळ्यानं कापल्या. विहिरीला पाणी मात्र गोड लागलं, आजही तेच पितात. दुसरी सोडत शाळेच्या छपरासाठी. त्या वेळी चकती काढणाऱ्यानं पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाची, आधीच खूण केलेली चकती वर आणली. पकडला गेला. लोकांनी त्याला त्याच पिंपात कोंबून टेकडीवरून सोडून दिलं. जगला तो, पण पुढची वीस वर्षं मान एका खांद्यावर टाकूनच. पोरं त्या छपराखाली बसून पाढे म्हणत राहिली. तेव्हापासून नियम झाला: काढणाऱ्याचे डोळे बांधायचे, पिंप तेरा वेळा फिरवायचं आणि हाताला लागेल ती वरची चकती काढायची. बोटं खाली रुतवली की ती चोरी. दवाखान्याची सोडत या नियमानं झाली आणि एकही डोकं फुटलं नाही. एवढ्यावर गावाला वाटू लागलं की आपण सुधारलो.

पुलाच्या सोडतीला बक्षीस होतं गावच्या मालकीचं नदीकाठचं रान. बारमाही पाणी, काळी माती, नांगर घातला की लोण्यात सुरी. हजार चिठ्ठ्या काढल्या. गावानं सातशे घेतल्या आणि गाव दमलं. उरलेल्या तीनशे कारभाऱ्यांनी मुकादमाच्या हातात ठेवल्या. "खाणीवर खपव," म्हणाले. मुकादमानं खपवल्या. पाच दिवसांची मजुरी रोख, सहाव्या दिवसाची चिठ्ठी.

"चिठ्ठी चुलीवर ठेवली तर शिजते का हो?" त्या सकाळी घण्यानं विचारलं. घण्या हा सुतारिणीचा थोरला भाऊ. नदीपलीकडचा माणूस, खाण उघडली तसा इकडं येऊन झोपडी बांधून राहिलेला. हाताखाली चाळीस दगडफोडे, आणि त्याच्या शब्दाबाहेर एकही नाही.

"रान लागलं म्हणजे कळेल काय शिजतं ते," मुकादम म्हणाला. "तुमच्या सात पिढ्यांनी स्वतःच्या नावाची ढेकळं पाहिलीत का? संधी देतोय तर शेपूट हलवा."

बहिरा म्हणून एक दगडफोड्या होता. सुरुंगांनी त्याचे कान नेले होते, त्यामुळे तो बोले ते ओरडूनच. त्यानं हातातली चिठ्ठी मुकादमाच्या पायाशी टाकली. मुकादमानं काठी आडवी मारली ती बहिऱ्याच्या तोंडावर बसली आणि दोन दात मातीत पडले. मग काय पाहता? घण्यानं घण उचलला. मुकादम मागं सरला, दगडाला अडखळून उताणा पडला आणि त्याचं डोकं नेमकं फोडायच्या शिळेवर टेकलं. सुतार तिथंच बसून दांडे बसवत होता. तो धावला. "दादा, माणूस मरेल!" म्हणत त्यानं मुकादमाचं डोकं बाजूला ढकललं. डोकं सरकलं. हात तिथंच राहिला आणि घण खाली आला.

घरी आणला तेव्हा हात गोधडीत गुंडाळला होता. सुतारिणीनं गोधडी उलगडली आणि पुन्हा झाकली. हाडं बसवणारा म्हातारा आला, दोन बोटं काढली, उरलेल्या तिन्हींना पट्ट्या बांधल्या. पट्ट्या सुतारानंच कधीतरी तासून ठेवलेल्या होत्या. ओरडून ओरडून त्याचा आवाज गेला आणि मग ताप चढला.

संध्याकाळी घण्या दारात येऊन उभा राहिला.

"आत ये," सुतारीण म्हणाली.

"नको. दाजी कसे आहेत?"

"तुझ्या घणाखाली आले होते. जसे असतील तसे आहेत."

घण्यानं अंगणात सरपणाचा भारा टाकला आणि निघून गेला. तिला त्याचा राग आला, आणि पाठमोरा चालला तसं रडूही आलं. भावाचा राग असाच असतो, धड पुरा येत नाही.

आता खरं संकट पुढं होतं. सोडतीच्या हजार चकत्या करायचं काम सुताराकडं होतं. लाकडाचा दांडा चरकावर गोल करायचा, बारीक करवतीनं बोटाच्या जाडीच्या चकत्या पाडायच्या आणि तापल्या सळईनं आकडा डागायचा. सातशे झाल्या होत्या. तीनशे बाकी, आणि सोडत बारा दिवसांवर. काम अडलं तर दुसऱ्या गावचा सुतार येणार, आणि मागोमाग पुलाच्या कमानींचे लाकडी साचेही त्याच्याकडं जाणार. वर्षभराची भाकरी होती ती.

"मी करते," ती म्हणाली.

सुतारानं तापातून डोळे उघडले. "कर. पण दार लावून कर."

दार लावायला कारण होतं. सुतारीण डावखुरी होती. लहानपणी तिच्या बापाला तो अपशकुन वाटायचा. जेवताना, खेळताना तो तिचा डावा हात सुतळीनं पाठीशी बांधून टाकायचा. गाठ मनगटात रुतायची. बाप कामावर गेला की घराच्या मागं घण्या ती दातांनी सोडायचा आणि बाप यायच्या वेळी तशीच पुन्हा बांधायचा. एकदा गाठ चुकली तेव्हा त्यानं पट्ट्यानं मार खाल्ला, पण कुणी सोडली ते सांगितलं नाही. तो तिला 'डावरे' म्हणायचा, तेही कुणी ऐकत नसताना. मोठी होईस्तोवर ती जगापुढं सगळं उजव्यानं करायला शिकली. लग्नानंतर एकदा सुतारानं तिला खिळा ठोकताना पाहिलं. हातोडी तिनं पटकन उजव्या हातात घेतली आणि अंगठा ठेचून घेतला. "ज्या हातानं येतं त्या हातानं कर की," तो म्हणाला. "लाकडाला कुठं कळतंय?" दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्यासाठी रंध्याची मूठ फिरवून दिली. त्या मुठीवर तिचा नवऱ्यापेक्षा जीव होता असं म्हटलं तरी चालेल. गावात मात्र कुणाला पत्ता नव्हता.

पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की वाळलेलं लाकूड संपलंय. परसात एक तुळई पडली होती, जुन्या पुलाची. पुरात वाहून गेलेली, दोन महिन्यांनी गाळातून वर आलेली, सुतारानं बैल लावून ओढून आणलेली. जात तीच, रेषा तीच. पण करवत लावली की भुशाऐवजी लगदा निघायचा.

"तिला हात लावू नको," सुतार म्हणाला होता. "पाणी गाभ्यात गेलंय. चार महिने उन्हात पडू दे."

चार महिने कुणाकडं होते? कारभारी तीनदा दारात येऊन गेले. पहिल्यांदा विचारपूस केली, दुसऱ्यांदा खोकले, तिसऱ्यांदा उंबऱ्यावर काठी आपटली.

"चकतीच करायची ना? ओलं असलं म्हणून काय, दरवाजा थोडाच करायचाय? रविवारी सोडत आहे. होत नसेल तर तसं सांगा, माणसं पुष्कळ आहेत."

"होतंय," ती म्हणाली आणि तुळई कापली.

तीनशे पाडल्या. गरम राखेत घालून ठेवल्या. वरून सुकल्या, पण रंग काळपट राहिला. जुन्या सातशे पिवळ्या, या तीनशे मळक्या. नवऱ्याच्या कामाला कुणी नाव ठेवू नये म्हणून तिनं तेलात काजळी कालवून सगळ्याच हजार चोळल्या. एकसारख्या दिसू लागल्या. आपल्या हुशारीचं तिला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोला. सातशे एकपासून पुढचे आकडे डागले तेव्हा सळईखाली चर्र आवाज झाला आणि वाफ निघाली. तिनं तोंड फिरवलं.

सुतारानं एक चकती डाव्या हातात घेतली. "जड वाटते गं."

"ताप आहे तुम्हाला. सगळंच जड वाटणार," ती म्हणाली आणि चकती काढून घेतली.

रविवारी गावाच्या मधल्या मोकळ्या जागेत माणूस मावत नव्हतं. डांबराचं लोखंडी पिंप लाकडी घोडीवर चढवलं होतं, बाजूला दांडा, वर हात जाईल एवढं झाकण. पहिल्या वीस चकत्या बारीकसारीक बक्षिसांच्या: धान्याचं पोतं, कंदील, मेंढी, कुदळ. एकविसावी रानाची. काढायला म्हातारा नावाडी उभा केला होता. उलटलेली ती नाव त्याचीच होती आणि दोन्ही काठ त्याच्यावर सारखेच चिडलेले होते, त्यामुळे तो कुणाच्या बाजूचा नाही असं सगळ्यांना वाटत होतं.

पुढं गाव बसलं. मागं, उन्हात, दगडफोडे उभे होते. प्रत्येकाच्या टोपीत, कमरेला, कनवटीला चिठ्ठ्या. सातशेच्या आतली त्यांच्यातल्या एकाकडंही नव्हती.

पिंप तेरा वेळा फिरलं. नावाड्यानं हात घातला.

"तीनशे बेचाळीस!"

मग अठ्ठ्याण्णव. मग सहाशे अकरा. लोक हसत होते, मेंढी ओरडत होती. दर खेपेला पिंप फिरायचं आणि आत चकत्या खडखडायच्या. सुतारीण बायकांत बसली होती. पाचव्या खेपेला तिला ऐकू आलं. पिंपात दोन आवाज होते. एक वरचा, कोरडा. एक खालचा, ओल्या मातीत पाय आपटल्यासारखा.

दहा झाल्या, बारा झाल्या. मागं दगडफोडे बोलायचे थांबले.

"सातशेच्या पुढची एकही नाही," कुणीतरी म्हणालं.

"नशीब लागतं," पुढून उत्तर आलं आणि लोक हसले.

पंधराव्याला घण्या दोन पावलं पुढं आला. अठराव्याला बहिरा ओरडला, "फिरवा नीट! खालपासून फिरवा!" कारभारी म्हणाले, "नियमानं तेराच वेळा. आणि वरचीच." विसावी, कुदळीची, दोनशे तीस. मग रानाची आली. नावाड्यानं घाम पुसला, हात घातला, काढली.

"सत्तावन्न!"

क्षणभर कुणालाच कळेना सत्तावन्न कुणाची. मग मुकादमानं खिशातून गठ्ठा काढला, एक चिठ्ठी वेगळी केली आणि वर धरली. रानाचं ऐकून त्यानं पहिल्याच दिवशी चाळीस घेऊन ठेवल्या होत्या. तो हसला. ते हसणं त्याला फार महाग पडलं.

पहिला दगड कुणी मारला हे पुढं कधी ठरलं नाही. मुकादमाचा जबडा फुटला तो दगडानं की कुदळीच्या दांड्यानं, तेही नाही. बक्षिसाची कुदळ होती, जिंकणाऱ्याच्या हातातून कुणीतरी हिसकली होती. मुकादम खाली गेला आणि त्याच्यावर पाय पडू लागले. ज्यांनी सातआठ आठवडे सहाव्या दिवसाची भूक चिठ्ठीत गुंडाळून ठेवली होती त्यांचे पाय होते ते. गावातले चारजण मधे पडले, त्यातल्या एकाचा कान फाटला. कारभारी मेंढीच्या खुंट्याला अडखळले आणि चिखलात बसले. मेंढी सुटून पळाली.

घण्या मात्र मुकादमाकडं गेला नाही. त्यानं पिंपाला खांदा लावला आणि ते उलटं केलं. चकत्या सांडल्या. वर आली होती ती तळाची रास, आणि राशीत सातशे तीन, नऊशे बारा, आठशे चाळीस, सातशे सत्तर. एका जागी, एकमेकींना चिकटून. बहिऱ्यानं एक उचलली, दुसऱ्या हातात जुनी घेतली. दोन्ही तोलल्या. मग घोड्यांच्या पाण्याच्या हौदात त्यानं त्या टाकल्या. जुनी तरंगली. नवी बुडाली. त्यानं आणखी टाकल्या, मूठमूठ. सातशेच्या आतल्या पाण्यावर हिंदकळत राहिल्या, पुढच्या सगळ्या तळाला.

"रंग लावलाय!" बहिरा ओरडला. अंगठ्यानं काजळी खरवडून त्यानं चकती सगळ्यांना दाखवली. "ओळखू येऊ नये म्हणून रंग लावलाय! चकत्या कुणी केल्या?"

कुणी केल्या हे सगळ्यांना माहीत होतं. सुतारीण तोवर घराकडं पळत सुटली होती.

ती दार लावते न लावते तोच दार आत पडलं. चाळीस माणसं त्या खोलीत मावणारी नव्हती. दहाबारा आत, बाकी अंगणात. सुतार अंथरुणावर उठून बसला होता. त्यांनी त्याला मानेला धरून ओढला आणि भुशात गुडघ्यांवर बसवला.

"तेव्हा पण त्यालाच वाचवलंस, मुकादमाला!" एकानं त्याच्या पाठीत लाथ घातली. "किती दिलं त्यानं?"

"कुणी काही दिलं नाही," सुतार म्हणाला.

"चकत्या कुणी कापल्या?"

सुतारानं बायकोकडं पाहिलंही नाही. "मी."

"या हातानं?" कुणीतरी पट्ट्यांच्या हातावर टाच ठेवली. तो किंचाळला.

"डाव्यानं," तो म्हणाला. "डाव्यानं कापल्या."

"मग डावाही घ्या," अंगणातून आवाज आला.

खोलीच्या मधोमध सुताराचा कामाचा ठोकळा होता. त्यावर त्यांनी त्याचा डावा हात दाबून धरला आणि घण्याकडं पाहिलं. घण त्याच्याकडं होता. घण्या हलला नाही.

"काय बघतोस?" बहिरा ओरडला. पुढचे दोन दात नसल्यानं त्याचे शब्द फेसासारखे निघत होते. "तुझे दाजी म्हणून सोडतोस? माझी पोरं उपाशी निजली ती कुणाची कोण?"

घण्यानं घण उचलला. दांडा तोच होता. तो एवढा एक हात गेला की या घराची भाकरी संपली, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

"थांबा," सुतारीण म्हणाली. "मी कापल्या."

"मधे पडू नको," घण्या म्हणाला.

"यांना ताप होता. यांना काही माहीत नाही." तिनं भिंतीवरची करवत काढली आणि नवऱ्याच्या डाव्या हातात दिली. "कापून दाखवा यांना."

सुतार करवत धरीना. तिनं त्याच्या मुठीत कोंबली आणि फळी पुढं सरकवली. "कापा म्हणते ना!" त्यानं पातं लावलं. ते फळीवर नाचलं, घसरलं, तिरकं गेलं. दोन बोटं खोल चीर पडली तीही वाकडी. खोलीत दगड फोडणारी माणसं होती. हातात काम आहे की नाही हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

"तीनशे सरळ चकत्या या हातानं होतील?" ती म्हणाली. "लाकूड संपलं होतं. जुन्या पुलाची तुळई कापली. ओली होती. जड पडेल, खाली जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. काजळी मी लावली, काम वाईट दिसू नये म्हणून. कारभाऱ्यांना घाई होती. तीनदा आले होते."

कारभारी दारात पोचले होते, मागची बाजू चिखलानं माखलेली. "मी? मी कधी घाई केली?" ते म्हणाले. "मी तर म्हटलं, सावकाश होऊ दे."

ती त्यांच्याकडं पाहतच राहिली. खोटं बोलायलाही काही वेळ घ्यावा माणसानं, तेवढीही तसदी त्यांनी घेतली नव्हती.

"चुकून केलं म्हणते," घण्या बाकीच्यांना म्हणाला.

"आमचं रान पण चुकूनच गेलं मग!" बहिऱ्याला तिच्या ओठांवरून सगळं कळलं होतं. "दाजींचा हात नको, बरं. कापणारा हात दे. कुठल्या हातानं कापल्यास? ठेव तो ठोकळ्यावर!"

अंगणात ते वाक्य मागंपुढं फिरलं. कापणारा हात, कापणारा हात. घण्यानं मान फिरवून पाहिलं. त्याच्या शब्दाबाहेर एकही नसलेली चाळीस माणसं आता त्याच्याकडं निराळ्याच नजरेनं बघत होती. तो नाही म्हणाला असता तर घण त्याच्या हातातून गेला असता, आणि मग एका हातावर भागलं नसतं.

सुतारीण ठोकळ्यापुढं बसली. तिनं उजवा हात पुढं केला.

त्या हातानं आयुष्यात एक फळी सरळ कापली नव्हती. तो हात जगाला दाखवण्यापुरता होता. जेवणारा, दिवा लावणारा, वडीलधाऱ्यांपुढं जोडायचा. तो तिनं ठोकळ्यावर पसरला आणि डावा पदराखाली घेतला.

सुतारानं तोंड उघडलं. त्याला कळलं होतं. मग त्यानं तोंड मिटलं आणि मान खाली भुशात घातली. नवऱ्यानं बायकोसाठी ओरडायला हवं होतं, आणि ओरडला असता तर ती फुकट गेली असती. ती शरम त्याला जन्मभर पुरली.

घण्या तिच्या हाताकडं पाहत उभा राहिला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"हाच?" त्यानं विचारलं.

"हाच."

"नीट सांग. ज्या हातानं कापल्या तो?"

"हाच, दादा."

सुतळी दातांनी सोडणारा तो एकच माणूस होता त्या खोलीत, आणि त्यानं काही सांगितलं नाही.

"डोळे मीट," तो म्हणाला.

तिनं मिटले नाहीत. घण खाली आला तो पुरता आला, कमी करून चालणार नव्हतं. हाडांचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ नंतर. आपण ओरडतोय हेही तिला दुसऱ्या कुणाचं ओरडणं ऐकावं तसं ऐकू आलं. माणसं एकेक करून बाहेर पडली. एकानं पडलेलं दार उचलून चौकटीला टेकवून ठेवलं.

मुकादम जगला. जबडा तारेनं बांधला होता, महिनाभर पेज नळीनं प्यायचा. सत्तावन्न नंबरची चिठ्ठी त्या गर्दीत गेली ती गेली, आणि पुन्हा रानाचं नाव काढायची त्याची छाती झाली नाही. कारभाऱ्यांनी सभेत जाहीर केलं की न्यायाच्या दृष्टीनं सोडत पुन्हा होईल. न्यायाची दृष्टी त्यांना चाळीस दगडफोडे समोर बसले तेव्हा आली. खाणीचं काम बंद होतं, पुलाच्या अर्धवट खांबांच्या मधून नदी वाहत होती आणि लोक पुन्हा त्या म्हाताऱ्याच्या नावेत जीव मुठीत धरून बसत होते. नव्या हजार चकत्या हव्या होत्या. दुसऱ्या गावच्या सुतारानं ऐकलं आणि हात जोडले.

दीड महिन्यानं एका सकाळी घण्याची हातगाडी अंगणात आली. सोबत बहिरा, गाडी ढकलायला. गाडीवर लाकडाचे चार वासे होते, धुरानं काळे झालेले.

"कुठले?" सुतारानं विचारलं.

"झोपडीचे," घण्या म्हणाला. "पलीकडच्या आमच्या जुन्या घराचं आढं मोडून आणलं होतं मी. बापाच्या वेळचं आहे. वीस वर्षं धूर खाल्लाय. थेंबभर पाणी सापडायचं नाही."

"आणि तू कुठं राहतोस?"

"वर आभाळ आहे की."

बहिणीला त्यानं हाताचं विचारलं नाही आणि तिनं त्याला आत बोलावलं नाही. ती बाहेर आली. उजवा हात फडक्यात, गळ्यात अडकवलेला. वाशावर नखानं टकटक करून तिनं आवाज ऐकला. कोरडा होता. मग आत जाऊन तिनं करवत आणली. सुतारानं वाशाचं एक टोक डाव्या हातानं ठोकळ्यावर दाबलं. दुसरं टोक मोकळंच होतं, तेव्हा घण्यानं गुडघा टेकला आणि धरलं.

दार लावायची आता गरज नव्हती. उजवा गेलेल्या बाईनं डाव्यानं काम करायचं नाही तर कशानं? तिनं पातं लावलं. भुसा भुरभुर पडू लागला, पांढरा, हलका. पहिला तुकडा पडला तो सुतळी ओढून आखावा तसा सरळ.

बहिरा तो उचलून उलटसुलट बघत राहिला. "डाव्या हातानं?" तो ओरडला. त्याच्या आवाजात कौतुक होतं, आणि दुसरंही काहीतरी होतं ते त्याला सांगता येत नव्हतं. "दीड महिन्यात? इतकं सरळ?"

"गरज पडली की शिकतो हात," घण्यानं त्याच्याकडं तोंड करून, त्याला कळेल असं ओठ हलवून सांगितलं.

मग त्यानं मान खाली घातली. बहिऱ्याला ओठ दिसणार नाहीत अशा बेतानं, हळूच तो म्हणाला, "डावरे, जरा थांब. पातं तापलंय."